बहात्तरपैकी एकोणचाळीस

१९६३ साली ‘हायलाइन मेंब्रेन डिसीज’ झालेल्या बाळाच्या आईवडिलांना डॉक्टर औषध सांगत नसत, मुदत सांगत. साधारण तीन दिवस. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाने श्वासाशी झुंजत एवढा काळ काढला, तर त्याची फुप्फुसं बहुधा आपणहून कामाला लागत. नाही काढला, तर इलाज नव्हता. म्हणून पुढचा घटनाक्रम वाचताना नजर बहात्तराव्या तासावर ठेवावी. डॉक्टरांचीही तिथेच होती.

बाळ अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष जॉन केनेडी आणि जॅकलीन केनेडी यांचं. त्या दोन दिवसांच्या नोंदी भरपूर आहेत, पण त्या सगळ्या वडिलांच्या हेलिकॉप्टरमागे धावतात. आईच्या खाटेशेजारी घड्याळ लावून कुणी बसलं नव्हतं. ही तक्रार आधीच नोंदवून ठेवतो.

बुधवार, ७ ऑगस्ट १९६३, सकाळ

मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडच्या किनाऱ्यावर, हायनिस पोर्टला लागून असलेल्या स्क्वॉ आयलंडवर केनेडींनी उन्हाळ्यासाठी घर भाड्याने घेतलं होतं. नुकतीच चौतीस वर्षं पूर्ण झालेल्या जॅकलीन मुलांना ऑस्टरव्हिलला घोडेस्वारीच्या शिकवणीला घेऊन गेल्या होत्या. तिथेच पोटात दुखायला लागलं.

चौतीस आठवडे झाले होते. आपल्याकडच्या हिशेबाने आठवा महिना. ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ असं जुन्या बायका म्हणत तोच. (शास्त्राच्या दृष्टीने हे खरं नाही. आठवड्यागणिक बाळाची शक्यता वाढतेच.) पण जॅकलीन यांच्या बाबतीत धास्ती वाटायला म्हणीची गरज नव्हती. १९५५मध्ये गर्भपात झालेला. ऑगस्ट १९५६मध्ये मुलगी मृत जन्मली, तेव्हा पती भूमध्य समुद्रात बोटीवर सुट्टी घालवत होते आणि परतायला त्यांनी दिवस लावले. १९५७मध्ये कॅरोलाइन, सिझेरियनने. १९६०मध्ये जॉन, पुन्हा सिझेरियन, तोही वेळेआधी, आणि त्यालाही सुरुवातीला श्वासाचा त्रास. म्हणून या खेपेला सगळं आखून ठेवलं होतं. सार्वजनिक कार्यक्रम बंद, विश्रांती, सप्टेंबरमध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ठरवून शस्त्रक्रिया. वेळ आलीच तर हाताशी असाव्यात म्हणून ओटिस हवाई दलाच्या तळावरच्या दवाखान्यातही खोल्या सज्ज होत्या. प्रसूतितज्ज्ञ डॉ. जॉन वॉल्श जवळच मुक्कामाला होते.

तयारीत कसूर नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. पुढे जे झालं ते हलगर्जीने झालेलं नाही.

दुपारच्या आत

हेलिकॉप्टरने ओटिस. वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांना निरोप गेला आणि ते निघाले. नेहमीचं मोठं विमान तयार नव्हतं, तेव्हा मिळालं त्या छोट्या जेटमध्ये बसले. १९५६ची आठवण घरात कुणी काढली असेल-नसेल, पण सात वर्षांपूर्वी दिवस लावणारा माणूस आता मिनिटंही दवडत नव्हता.

दुपारी १२ वाजून ५२ मिनिटं. तास शून्य

सिझेरियन झालं. मुलगा. वजन चार पौंड साडेदहा औंस, म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. आपल्याकडच्या प्रसूतिगृहात हा आकडा ऐकून कुणी फारसं दचकत नाही. एवढ्या वजनाची पुष्कळ बाळं चार दिवसांत घरी जातात. वजनाने फसगत होते ती अशी. दुखणं वजनात नव्हतं.

थोड्याच वेळात श्वास बिघडला, आणि तळावरच्या धर्मगुरूंनी बाळाचा बाप्तिस्मा केला. नाव पॅट्रिक बूव्हिए. पॅट्रिक हे केनेडींच्या आजोबांचं नाव, बूव्हिए हे जॅकलीन यांचं माहेरचं आडनाव. वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरांत ही घाई समजावून सांगावी लागत नाही. बाळाच्या जिवाला धोका दिसला की थांबायचं नसतं; फादर हजर नसले तर नर्सनेही कपाळावर पाणी ओतून ते शब्द उच्चारले तरी संस्कार पूर्ण होतो. १९५६मध्ये मृत जन्मलेल्या मुलीच्या वाट्याला हे आलं नव्हतं. घरात तिला ॲराबेला म्हणत, पण तिच्या थडग्यावर नाव नाही. ‘मुलगी’ एवढा शब्द आणि तारीख. पॅट्रिकला निदान नाव मिळालं. श्रद्धावंत आईबापांना अशा वेळी त्याचा आधार किती असतो, हे बाहेरच्याने मोजू नये.

अध्यक्ष पोहोचले तेव्हा बाळ जन्मून पाऊण तास होत आला होता.

दुपार. पहिले पाच तास

बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधून बालरोगतज्ज्ञ डॉ. जेम्स ड्रॉरबॉ यांना बोलावून घेतलं. लक्षणं ओळखीची होती. प्रत्येक श्वासाला कण्हणं, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाणं.

आत काय चाललं होतं ते असं. फुप्फुसात हवेच्या लाखो बारीक पिशव्या असतात. त्यांना आतून एका स्निग्ध द्रवाचं अस्तर असतं, त्याचं नाव सर्फॅक्टंट. श्वास सोडल्यावर पिशवी पूर्ण मिटू नये ही जबाबदारी त्याची. भाजीवाल्याकडची नवी प्लास्टिकची पिशवी ओल्या हाताने उघडून पाहिली असेल, तर अस्तर नसलेल्या फुप्फुसाची कल्पना येईल: दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून बसतात, आणि दरवेळी नव्याने सोडवाव्या लागतात. बाळ मिनिटाला साठ-सत्तर वेळा हे करतं. दमतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत शरीर हा द्रव पुरेसा बनवू लागतं. बहात्तर तासांचा हिशेब तिथून येतो.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. बॉस्टनमध्येच मेरी एलेन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९मध्ये दाखवून दिलं होतं की या आजाराने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसांत हाच पदार्थ कमी असतो. म्हणजे पॅट्रिकला ज्या शहरात न्यायचं ठरलं, त्याच शहराला चार वर्षांपासून कारण माहीत होतं. कारणापासून उपायापर्यंतचं अंतर मात्र कुणी कापलं नव्हतं. या घटनाक्रमातली माझ्या मते सर्वांत निष्ठुर गोष्ट हीच.

संध्याकाळी सहाच्या सुमारास. पाचवा तास

बाळाला बॉस्टनला हलवण्याआधी काचेची पेटी आईच्या खोलीत नेली. अध्यक्षांनी ती स्वतः ढकलत नेली. जॅकलीन यांनी पेटीत हात घालून मुलाला स्पर्श केला. काही मिनिटांची ही भेट.

मग रुग्णवाहिका निघाली. सुमारे ११० किलोमीटर, पुढेमागे पोलीस. आई मागेच, पोट फाडून काही तासच झाले होते, तिला हलवणं शक्य नव्हतं. ज्या घरांत बाळ एका दवाखान्याच्या पेटीत आणि आई दुसऱ्या दवाखान्याच्या खाटेवर असा प्रसंग आला आहे, त्यांना या दोन ओळी पुरतील. वडील दोन्हीकडे धावतात, दोन्हीकडे अर्धंच सांगतात.

रात्री अध्यक्षही बॉस्टनला आले, बाळाला पाहून हॉटेलवर गेले.

गुरुवार, ८ ऑगस्ट. विसावा ते सत्ताविसावा तास

सकाळ बरी गेली असं म्हणतात. ‘बरी’ याचा अर्थ वाईट झाली नाही. डॉक्टरांच्या हातात ऑक्सिजन होता, शिरेतून ग्लुकोज आणि रक्तातलं आम्ल आवरणारी औषधं होती. लहान बाळांना झेपेल असं श्वासाचं यंत्र सर्रास वापरात नव्हतं. बाकी काम पॅट्रिकचं.

केनेडी दवाखान्यात येत-जात राहिले, मध्येच ओटिसला जाऊन पत्नीला भेटून आले. अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार तीनच दिवसांपूर्वी मॉस्कोत झाला होता. तो मंजुरीसाठी सिनेटकडे गेला तोही याच गुरुवारी. जगातल्या सर्वांत मोठ्या शस्त्रागाराचा मालक त्या दिवशी दोन किलोच्या बाळाचा रंग निळसर होतो की गुलाबी राहतो, हे काचेतून पाहत उभा होता. असं वाक्य लिहायचा मोह प्रत्येक चरित्रकाराला झालेला आहे. मलाही आवरला नाही. पण त्यात अर्थ शोधू नये. कुठलाही बाप असाच उभा राहतो.

ओटिसला जॅकलीन यांना काय सांगितलं जात होतं, आणि त्यांनी त्यातलं किती ओळखलं? चार बाळंतपणं पाहिलेली बाई. माझा अंदाज, सगळं ओळखलं असणार.

दुपारनंतर. सत्ताविसाव्या तासापुढे

श्वास खालावला, आणि डॉक्टर शेवटच्या साधनाकडे वळले. हृदयशल्यविशारद डॉ. विल्यम बर्नहार्ड यांच्याकडे एक लांबलचक पोलादी कक्ष होता. त्यात हवेचा दाब वाढवता येई. जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या मुलांवर ते या कक्षात शस्त्रक्रिया करत. दाब वाढला की रक्ताच्या पाण्यातच जास्त ऑक्सिजन विरघळतो, मूल निळं पडत नाही आणि सर्जनला थोडी उसंत मिळते. डॉक्टर स्वतः त्या दाबात आत बसून काम करत.

पॅट्रिकच्या हृदयाला सुरीची गरज नव्हती. शस्त्रक्रियेसाठी केलेला कक्ष त्याला उसना मिळाला होता, तो एवढ्याच आशेने की रक्तात कसाबसा ऑक्सिजन पोचवत राहिलं तर तिसरा दिवस गाठता येईल. कल्पना वेडगळ नव्हती. पण दाबाने ऑक्सिजन विरघळतो, चिकटलेल्या पिशव्या सुटत नाहीत. बाळाला श्वास घ्यायचे कष्ट पडतच राहिले.

शुक्रवार, ९ ऑगस्ट, पहाटे दोनच्या सुमारास. सदतिसावा तास

त्या रात्री केनेडी दवाखान्यातच वरच्या मजल्यावर झोपले होते. सोबत जुने सहकारी डेव्ह पॉवर्स. त्यांना उठवण्यात आलं: बाळ बिघडलं आहे, खाली या.

पॉवर्स यांनी पुढे सांगितलेली एक हकिगत आहे. लिफ्टची वाट पाहताना केनेडींना एका खोलीत भाजलेलं मूल दिसलं. त्यांनी नर्सला विचारलं, याची आई येते का? रोज येते, असं कळल्यावर कागद मागून घेतला आणि त्या आईला चार ओळी लिहिल्या. केनेडींच्या निकटवर्तीयांच्या आठवणी मी जपूनच वाचतो. प्रेमाने माणूस आठवणीला पॉलिश करतो. हिच्यावर मात्र विश्वास ठेवावासा वाटतो, कारण दवाखान्याच्या जागरणात माणसं खरोखर असं वागतात. स्वतःच्या बाळासाठी करण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून शेजारच्या खाटेची चौकशी करतात.

पहाटे ४ वाजून ४ मिनिटं. एकोणचाळीस तास बारा मिनिटं

पॅट्रिक गेला. शेवटी त्याची बोटं वडिलांच्या हातात होती. केनेडींचा धाकटा भाऊ रॉबर्टही दवाखान्यात पोहोचलेला होता. डॉक्टर, सुरक्षारक्षक आणि मदतनिसांनी भरलेल्या त्या इमारतीत अध्यक्ष एकटे बाजूला जाऊन रडले. राष्ट्राला बातमी देण्याचं काम प्रेस सेक्रेटरी पिअर सॅलिंजर यांचं.

तिसरा दिवस गाठायला अजून तेहतीस तास हवे होते.

त्यानंतर

ओटिसला जॅकलीन यांना डॉ. वॉल्श यांनी सांगितलं. केनेडी सकाळीच तिथे परतले आणि बराच वेळ दोघं खोलीत होते. तिथे काय बोलणं झालं याच्या गोष्टी पुष्कळ छापल्या गेल्या. मी त्या इथे घेत नाही.

शनिवारी बॉस्टनमध्ये कार्डिनल रिचर्ड कुशिंग यांनी त्यांच्या निवासातल्या खासगी प्रार्थनामंदिरात मिस्सा अर्पण केली. बाप्तिस्मा झालेल्या लहानग्यासाठी असते ती देवदूतांची मिस्सा: तीत पापक्षमेची याचना नसते, कारण मागण्यासारखी पापं नसतात. केनेडींनी लग्नात पत्नीने दिलेली संत ख्रिस्तोफरची नोटांची क्लिप शवपेटीत ठेवली. ब्रुकलाइनच्या होलीहूड दफनभूमीत दफन झालं. आई या सगळ्याला नव्हती. तिला दवाखान्यातून सोडलं १४ ऑगस्टला. ज्या मुलाला एकदाच हात लावला, त्याचा अंत्यविधी तिने इतरांच्या तोंडून ऐकला.

कारणापासून उपायापर्यंतचं ते अंतर पुढे तुकड्यातुकड्याने कापलं गेलं. १९७१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी पिशव्या मिटू नयेत म्हणून श्वासमार्गात सतत हलका दाब ठेवायची पद्धत वापरली. वीसपैकी सोळा बाळं वाचली. १९७२मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात. १९८०मध्ये जपानच्या फुजिवारांनी सर्फॅक्टंट थेट फुप्फुसात सोडलं. दरम्यान मेरी एलेन एव्हरी १९७४मध्ये त्याच बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या मुख्य वैद्य झाल्या.

आज महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयातही वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला हे स्टेरॉइड, म्हणजे ‘बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन’, देतात. अनेकांना वाटतं, ते असतं तर पॅट्रिक वाचला असता. मला शंका आहे. त्या इंजेक्शनचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो, आणि त्या बुधवारी घोड्यांच्या तबेल्यापासून सिझेरियनच्या टेबलापर्यंत मध्ये काही तासच होते. चौतीस आठवड्यांच्या त्या बाळाला बहुधा ग्रेगरींचा दाब आणि फुजिवारांचा द्रव उपयोगी पडला असता. पहिली गोष्ट यायला आठ वर्षं होती, दुसरीला सतरा.