लग्नाच्या फोटोग्राफीची वेबसाइट: फोटो छान, मग चौकशीचे फोन का येत नाहीत?

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि फोटोग्राफरची शोधाशोध घराघरांत त्याआधीच सुरू झालेली असते. त्यामुळे वेबसाइट सुधारायला चातुर्मासासारखा मोकळा वेळ नाही.

सुरुवात एका सोप्या चाचणीने करा. वायफाय बंद करून साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर स्वतःची साइट उघडा. पानावरचा मुख्य फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. या मोजमापाला 'लार्जेस्ट कंटेंटफुल पेंट' म्हणतात आणि गूगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स'वर ते फुकट तपासता येतं.

साइट हळू असेल तर बहुतेक वेळा दोष फोटोंच्याच वजनाचा असतो. कॅमेऱ्यातून निघालेली १०-१२ एमबीची जेपेग फाइल तशीच चढवलेली असते. लाइटरूममधून एक्स्पोर्ट करताना लांब बाजू २००० पिक्सेल ठेवा आणि फाइल वेबपी प्रकारात बदला. ३००-४०० केबीत काम भागतं. कलर स्पेस एसआरजीबीच हवी, नाहीतर काही स्क्रीनवर हळदीचा पिवळा रंग मळकट दिसतो. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचक तिथवर पोचला की ते उतरतात. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र हे लावू नका, तो उलट उशिरा येईल.

आता फोटोंची निवड. चाळीस लग्नांतले चाळीस भारी फोटो लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण नवरीच्या आईला वेगळंच बघायचं असतं: कार्यालयातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात हा माणूस काय करतो? अंतरपाट दूर होताना पाहुणे मोबाइल घेऊन मध्ये घुसले तर त्याला क्षण सापडतो का? म्हणून दोन-तीन लग्नं हळदीपासून पाठवणीपर्यंत पूर्ण दाखवा, प्रत्येकी ५०-६० फोटो. सोबत गाव, हॉल, मुहूर्ताची वेळ असा चार ओळींचा मजकूर द्या. गूगलच्या उपयोगाचा मजकूर हाच. 'आम्ही आठवणी जपतो' हे वाक्य प्रत्येक स्टुडिओच्या साइटवर असतं, ते काढलं तरी चालेल. फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्येही कॅमेऱ्याने दिलेला फाइल नंबर न ठेवता 'मुंडावळ्या बांधलेली नवरी, सातारा' असं लिहा.

दर लिहावेत का? माझ्या मते लिहावेत, निदान सुरुवातीचा आकडा तरी. त्यात किती फोटोग्राफर, किती तास, अल्बमची किती पानं आणि फोटो किती दिवसांत मिळतील, हेही सांगा.

दहा रकान्यांचा फॉर्म फारसं कोणी भरत नाही. त्यापेक्षा व्हॉट्सॲपचं बटण द्या. लिंकमध्ये नंबर ९१ लावून लिहायचा; अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. 'लग्नाची तारीख, गाव' असा मेसेज आधीच भरून ठेवता येतो.

आणखी एक. गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर किंवा क्यूआर कोडात अजून 'बिझनेस डॉट साइट'वाला पत्ता असेल तर तो बदला.

शेवटी कायद्याचं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे फोटो साइटवर टाकायचा तर बुकिंगच्या कागदावरच लेखी परवानगी हवी. ती वेबसाइट, इन्स्टाग्राम आणि जाहिरात यांसाठी वेगवेगळी विचारा. एखादं घर साइटला हो म्हणेल आणि जाहिरातीला नाही.