रंगपेटी आणि नांगर

परवा दिवाळीचं सामान काढायला माळ्यावर चढलो आणि माझी जुनी रंगपेटी हाती लागली. उघडून पाहिली तर नळ्या सगळ्या दगड झालेल्या. पिवळ्या रंगाची नळी तर फुटून तिथेच वाळून गेली होती. शेवटचं निसर्गचित्र कधी काढलं होतं ते आठवायला लागलो. आमणापूरला कृष्णेच्या काठावर बसून काढलेलं, पलीकडच्या झाडीचं... त्याला तीन वर्षं होऊन गेलीत!

कारणं विचाराल तर ढीगभर आहेत. सकाळी साडेआठला पलूस सोडायचं, सांगलीला ऑफिस गाठायचं, संध्याकाळी सातला परत. महिन्यातून एक-दोनदा पुण्याची वारी. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे, ती आता वडिलांना एकट्यानं झेपत नाही. शेतीची लाईट कधी दिवसाची तर कधी रात्रीची. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्यांची धावपळ, आणि आभाळ भरून आलं की दावण्याच्या धास्तीनं झोप उडते ती वेगळीच.

त्यात निसर्गचित्राची एक मोठी अडचण आहे. कविता रात्री अकराला लिहिता येते, पेटी दार लावून वाजवता येते. निसर्गचित्र मात्र उजेडाच्या वेळेला बांधलेलं. सकाळी सात ते नऊ सावल्या लांब असतात, उसाच्या पानांवर ऊन तिरपं पडतं, सागरेश्वरच्या डोंगराला घड्या दिसतात. दहानंतर सगळं सपाट. आणि सात ते नऊ हीच वेळ डब्याची, पोरीच्या शाळेची आणि एसटीची!

तर अशी रंगपेटी मांडीवर घेऊन बसलो असताना मनात आलं, की नोकरी, संसार, प्रवास सांभाळून चित्रकला करणारे लोक आधी होऊन गेले असतीलच की. त्यांनी कसं जमवलं? गंमत म्हणजे याचं उत्तर शोधायला मला लांब जायची गरज नव्हती. आमच्या पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे. गाडीवरून दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता.

किर्लोस्करवाडी म्हटलं की सगळ्यांना नांगर आणि पंप आठवतात. पण ही वाडी उभी राहिली त्यामागे दोन चित्रकार होते, हे फार कमी जण लक्षात ठेवतात.

पहिले अर्थातच लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८५ साली ते मुंबईला गेले ते कारखानदार व्हायला नव्हे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. दोनेक वर्षं शिकले आणि मग लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला हे कळावं, याहून वाईट काय असेल? पण त्यांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायला लागले. पुढे बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेनात. त्यातच बेळगावची कारखान्याची जागा सोडायची वेळ आली.

इथे दुसरे चित्रकार येतात. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ७२ गावांचं छोटंसं संस्थान, तेही सलग नाही. औंध साताऱ्याकडे, आटपाडी माणदेशात, आणि आमच्याकडचं कुंडल वेगळंच. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग आणि साप! मला नेहमी वाटतं, एखाद्या निसर्गचित्रकारानं त्या माळाकडे पाहिलं असतं तर काढण्यासारखं काही नाही म्हणून पेटी बंद करून तो पुढे गेला असता. पण या दोघांनाही कोऱ्या कागदाकडे बघायची सवय होती. जिथे काही नाही तिथे काय येऊ शकेल, ते त्यांना दिसलं.

आता दोघांनी आपल्या चित्रकलेचं काय केलं ते बघा. लक्ष्मणरावांची चित्रकला संपली, किंवा संपली असं म्हणवत नाही, ती यंत्रांच्या आराखड्यांत आणि वाडीच्या आखणीत जिरून गेली. बाळासाहेबांनी मात्र ब्रश कधीच खाली ठेवला नाही. संस्थानचा कारभार, पहाटेचे सूर्यनमस्कार, स्वतः उभं राहून केलेली कीर्तनं, प्रवास, आणि या सगळ्यातून चित्रं. त्यांचं 'चित्ररामायण' प्रसिद्ध आहे. वेरूळ-अजिंठ्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. १९३८ साली औंधला डोंगरावर संग्रहालय बांधलं. कडेगाव, पुसेसावळी करत आम्ही एकदा यमाईला गेलो होतो तेव्हा वाटेत ते पाहिलं. एवढ्याशा गावात राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं दगडी शिल्प बघून मी चाटच पडलो होतो.

पण राजाचं उदाहरण आपल्याला किती उपयोगी? राजाला डबा भरायचा नसतो, त्याची एसटी चुकत नसते. त्याच्या वेळेला अडवणारं कुणी नसतं. त्यानं हा छंद पुरा केला याचं कौतुक करावं, पण त्यावरून स्वतःला दोष देऊ नये, असं मी स्वतःची समजूत घालून पुढे गेलो.

तिसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांचे भाष्यकार म्हणून सगळ्यांना माहीत. पण ते मूळचे जे. जे.चे चित्रकार, तिथलं मेयो पदक मिळवलेले. हैदराबादला आणि मग लाहोरला त्यांनी स्टुडिओ चालवला, चित्रांवर संसार केला. पुढे औंधला येऊन स्वाध्याय मंडळ काढलं आणि वेदांच्या कामात स्वतःला इतकं झोकून दिलं की चित्रकार सातवळेकर लोकांच्या विस्मरणातच गेले. दोन्ही नीट होणार नाही, मग एक पूर्ण करू, असा सरळ निर्णय. पण त्यांनी खाली ठेवलेला ब्रश मुलानं उचलला. माधव सातवळेकर मोठे चित्रकार झाले, महाराष्ट्राचे कला संचालक झाले.

चौथे पुन्हा वाडीचेच. शं. वा. किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे. हे तर चित्रकार व्हायचं म्हणून थेट लाहोरला सातवळेकरांकडे शिकायला गेले होते. परत आले ते काकांच्या कारखान्यात. जाहिराती आणि कॅटलॉग यांचं काम अंगावर आलं. नांगर विकण्यासाठी चित्रं! कुणी म्हणेल, काय ही कलेची हेळसांड. पण त्याच कामातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. नांगराच्या कारखान्याच्या आवारातून निघणारी ही मासिकं सगळा महाराष्ट्र वाचत होता. आणि शंवाकिंचा ब्रश? त्याचा टाक झाला. 'टाकांच्या फेकी' या नावानं त्यांची व्यंगचित्रं आली.

म्हणजे चौघांपैकी तिघांची चित्रकला वाट बदलून भलतीकडेच गेली, आणि जो टिकला तो राजा होता. मला काही फार धीर आला नाही.

मग कोल्हापूरचे चंद्रकांत मांडरे आठवले. आपले सिनेमातले चंद्रकांत (१९१३-२००१), सूर्यकांत यांचे थोरले भाऊ, भालजींच्या 'छत्रपती शिवाजी'मधले शिवाजी महाराज. हा माणूस खराखुरा निसर्गचित्रकार. नटाचा धंदा म्हणजे पायाला भिंगरी, आज इथे उद्या तिथे. पण त्यांनी पावडर शेडिंगचं तंत्र आपलंसं केलं. कोरडी रंगाची पूड बोटांनी कागदावर घासत जायची, पाणी वाळायची वाट बघत बसायला नको. राजारामपुरीतलं आपलं 'निसर्ग' नावाचं घर त्यांनी चित्रांसकट सरकारला देऊन टाकलं. तिथे आता त्यांचं संग्रहालय आहे. मला वाटतं, त्यांना एक सोय होती जी आपल्याला नाही. बाहेरचं शूटिंग म्हणजे सगळ्या युनिटनं उन्हाची वाट बघत बसणं. नट आणि निसर्गचित्रकार दोघांनाही एकच ऊन हवं असतं. प्रवास आणि काम हे त्यांच्या चित्राच्या आड येत नव्हते, चित्रापर्यंत नेऊन सोडत होते.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं रात्री जेवताना बायकोला ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, पण हे सगळे चित्र काढत बसायचे तेव्हा घरचं कोण बघत होतं?"

मी गप्प झालो. लक्ष्मणरावांबरोबर निवडुंगाच्या त्या माळावर संसार मांडायला राधाबाईही आल्या होत्या. लक्ष्मणरावांच्या रंगांधळेपणाची गोष्ट आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. राधाबाईंचं नाव किती जणांना सांगता येईल? 'स्त्री' मासिक काढणाऱ्या गावाच्या तालुक्यात राहून हा प्रश्न मला सुचायला नको होता का?

आणि प्रश्न तिथेच थांबला नाही. आमणापूरच्या त्या चित्राच्या दिवशी बागेत मोटर चालू करायला कोण गेलं होतं? तीच. लग्नाआधी तिनं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड. मला बी होती! लग्नानंतर तिच्या हातात पेन्सिल मी फक्त पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाहिली. माझी रंगपेटी तीन वर्षं बंद आहे म्हणून मी हळहळत होतो. तिची चौदा वर्षं बंद आहे, आणि त्याबद्दल घरात कुणी, अगदी मी धरून, एक शब्द काढलेला नव्हता.

इतके दिवस मी समजत होतो की चित्र, नोकरी, घर आणि प्रवास यांचा तोल साधायचा असतो. वेळेचा ताळेबंद नीट मांडला की झालं. पण या माणसांकडे बघून वाटतं, तोल वगैरे कुणालाच साधला नव्हता. प्रत्येकानं काहीतरी सोडलं होतं, आणि जे सोडलं त्याचं ओझं दुसऱ्या कुणीतरी उचललं होतं. ते कोण, हे विचारलं तरच आपल्याला किती वेळ मागायचा हक्क आहे ते कळतं.

असो. तर आमच्या घरात आता एक ठरलंय. महिन्यातले दोन रविवार तिचे, एक माझा, आणि उरलेला बागेचा. तिचे दोन का, असं वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, थकबाकी आहे.

मागच्या रविवारी सकाळी सातला ती पोरीला घेऊन औदुंबरला गेली. सांगलीहून आणलेली नवी रंगपेटी तिच्याकडे. मी मोटर चालू केली, ठिबकच्या नळ्या तपासल्या, पोहे केले (जरा करपले). दहा वाजता दोघी परत आल्या. कागदावर घाटाच्या पायऱ्या होत्या, एक नाव होती, पलीकडचा काठ होता. मधली नदी मात्र कोरीच.

"पाण्याला रंग कुठला द्यायचा तेच कळेना," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बघते."

पुढचा रविवार माझा होता. तो मी तिला देऊन टाकलाय.