किशोरवयीन मुली, संस्थात्मक संगोपन व मनःस्वास्थ्य (नागपूर)
बालगृह अथवा निरीक्षणगृहात ठेवलेल्या मुलींचे मानसिक आरोग्य व गुन्हेवर्तन यांच्या परस्परसंबंधाचा विषय. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना तेथे १९२८ चा बाल अधिनियम लागू झाला. सध्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार निराधार वा पीडित मुलगी बालकल्याण समितीपुढे, तर विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेली) मुलगी बाल न्याय मंडळापुढे हजर केली जाते. ताब्यात घेतलेल्या अल्पवयीनांत मुलींचे प्रमाण फार थोडे असते. त्यामुळे व्यवस्था बहुतांशी मुलग्यांच्या गरजांभोवती घडली. हिंसाचार, लैंगिक अत्याचार व कुटुंबाची ताटातूट यांतून आघातोत्तर ताण, नैराश्य, स्वतःला इजा करणे किंवा पळून जाणे असे परिणाम संभवतात. गृहातील असे वर्तन केवळ बेशिस्त मानल्यास उपचार मागे पडून शिक्षा पुढे येते. उपचारासाठी नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय असून ते १८६४ पासूनचे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे अल्पवयीनांना रुग्णालयात प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते. मुलीचा नामनिर्देशित प्रतिनिधी पुरुष असल्यास तिच्यासोबत स्त्री परिचर राहणे बंधनकारक आहे.