थांबताना पडणारा ड्राइव्ह: एका फॉल्टचा इतिहास

विट्यातल्या एका सायझिंग युनिटमध्ये वार्पिंग मशीनचा ड्राइव्ह सारखा ट्रिप व्हायचा. स्क्रीनवर ओव्हरव्होल्टेज. मालक म्हणाले, "लाइनच खराब आहे हो सर." मला ते पटलं. रात्री आसपासचे माग बंद झाले की व्होल्टेज चढतो, हे मी मीटरवर पाहिलंही होतं. मीच स्टॅबिलायझर घ्यायला सांगितलं. काकांनी घेतला, चांगले पैसे गेले, आणि ड्राइव्ह पडतच राहिला.

संशोधनाची तयारी करताय ना? मग माझी चूक नीट बघा. फॉल्टच्या नावात 'व्होल्टेज' होतं म्हणून मी सरळ तारेकडे गेलो. ही ऊर्जा येते कुठून, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आणि बराच जुना आहे.

1891 साली हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी मोटर-जनरेटरच्या जोडीने वेग नियंत्रित करायची पद्धत आणली. तिच्यात ओझं खाली येऊ लागलं की मोटरच जनरेटर व्हायची आणि वीज मागे लाइनमध्ये जायची. वाट दोन्ही बाजूंनी उघडी.

आपल्याकडचं उदाहरण घाटातलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची विजेची गाडी 1925 मध्ये मुंबई-कुर्ला मार्गावर धावली, 1929 मध्ये पुण्याला आणि 1930 मध्ये इगतपुरीला विद्युतीकरण पोचलं. 1,500 व्होल्ट डीसी, आणि घाटात 37 ला 1 चा चढ. लोक ज्याला 'खेकडा' म्हणायचे ते इंजिन उतारावर मोटरनेच ब्रेक लावून वीज तारेत परत सोडायचं, आणि चढणारी गाडी ती वापरू शकायची. पण घेणारं कुणीच नसेल तर? तारेतला व्होल्टेज चढणारच.

आता आपला ड्राइव्ह. पुढे स्वस्त ड्राइव्हच्या तोंडाशी डायोडचा रेक्टिफायर आला, आणि डायोड एकतर्फी. वीज आत येते, मागे जात नाही. 415 व्होल्ट एसीचे आत साधारण 587 व्होल्ट डीसी होतात, आणि 800 च्या आसपास ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद पडतो. समजा आतला कपॅसिटर 1,000 मायक्रोफॅरडचा आहे. 587 वरून 800 वर जायला त्याला जेमतेम 148 ज्यूल पुरतात. आणि ड्रमचं जडत्व आघूर्ण 10 किलोग्रॅम-वर्गमीटर, वेग मिनिटाला 600 फेरे धरला, तर त्याच्यात सुमारे 19,700 ज्यूल साठलेले असतात! घर्षणात आणि मोटरमध्ये काही जातात हे खरं, पण उरलेले कुठे जाणार?

काकांचं म्हणणं सगळं चूक नव्हतं, बरं का. लाइन 450 वर गेली की आतले 587 चे 636 होतात, म्हणजे शिल्लक जागा कमी होते. म्हणून रात्री ट्रिप जास्त. सहसंबंध खरा, पण मूळ कारण दुसरं, आणि मी नेमका तिथेच फसलो.

उलगडा मशीनवरच्या वार्परने केला. "सर, चालू असताना कधी पडत नाही की. थांबवतानाच पडतंय बगा." मी पंधरा दिवस ट्रिपच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. त्या क्षणी मशीन काय करत होतं हा रकानाच वहीत नव्हता. बऱ्याच ड्राइव्हमध्ये वेग वाढताना, स्थिर असताना आणि कमी होताना येणाऱ्या ओव्हरव्होल्टेजला वेगवेगळे कोड असतात. मी मॅन्युअलचं ते पान उघडलंही नव्हतं.

मग थांबायचा वेळ 4 सेकंदांवरून 15 वर नेला. ट्रिप गेली, पण धागा तुटला की ड्रम लगेच थांबायला हवा, नाहीतर तुटलेलं टोक आत गुंडाळलं जातं. वार्पर वैतागला. शेवटी ब्रेकिंग रेझिस्टर लावला: व्होल्टेज चढला की चॉपर उघडतो आणि परत आलेली वीज उष्णता होऊन जाते. वेळ पुन्हा 4 सेकंदांवर आणली. घाटातलं इंजिन जी वीज तारेत परत द्यायचं, ती इथे आपण पत्र्याच्या जाळीदार पेटीत जाळतो.

स्टॅबिलायझर अजून कोपऱ्यात आहे. काका त्याच्यावर चहाचे कप ठेवतात.