'६६' क्रमांकाचे हेलिकॉप्टर : प्रतिकृतीवरील खुणा आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट, नाणी यांचा विचार अभ्यासक आवर्जून करतात. यंत्राच्या अंगावर रंगविलेला आकडा हेही इतिहासाचे साधन होऊ शकते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. विमाने व हेलिकॉप्टरे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणाऱ्या हौशी मंडळींना हा प्रश्न टाळता येत नाही. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून झाल्यावर अखेरीस तिच्यावर 'डेकल' बसवावे लागतात. डेकल म्हणजे पातळ पारदर्शक पापुद्र्यावर छापलेली चिन्हे. पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवीत ती प्रतिकृतीवर उतरवायची असतात. राष्ट्रचिन्ह, नौदलाचे नाव, तुकडीचे बोधचिन्ह, अनुक्रमांक या साऱ्या खुणा कोठे, केवढ्या व कोणत्या रंगात असाव्यात हे ठरविताना करावा लागणारा शोध इतिहास-संशोधकाच्या साधनचिकित्सेहून वेगळा नसतो. प्रस्तुत लेखात अमेरिकी नौदलाच्या एका गाजलेल्या हेलिकॉप्टरच्या आधारे या शोधाचे स्वरूप पाहावयाचे आहे.

एक यंत्र, अनेक ओळखी

सिकोर्स्की कंपनीच्या 'सी किंग' हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण ११ मार्च १९५९ रोजी झाले. पाणबुड्यांचा माग काढणे हे त्याचे मुख्य काम. नावेसारखा तळ, दोन इंजिने आणि सुमारे १८.९ मीटर व्यासाचे पाच पात्यांचे घूर्णक असलेले हे यंत्र १९६० च्या दशकात अमेरिकी विमानवाहू नौकांवर सर्रास दिसू लागले. त्यांपैकी एसएच-३डी या प्रकारातील एका हेलिकॉप्टरचा नोंदक्रमांक १५२७११ असा होता. 'ब्लॅक नाइट्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एचएस-४ या पाणबुडीविरोधी तुकडीकडे ते होते. जगाला मात्र ते ठाऊक झाले ते त्याच्या अंगावरील मोठ्या '६६' या आकड्यामुळे.

अपोलो मोहिमांतील अंतराळवीर प्रशांत महासागरात उतरल्यावर त्यांना उचलून नौकेवर आणण्याचे काम या हेलिकॉप्टरने पाच वेळा केले. २७ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ चे अंतराळवीर त्याने 'यॉर्कटाउन' नौकेवर आणले. २६ मे १९६९ रोजी अपोलो १० चे 'प्रिन्स्टन'वर. २४ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे व २४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ चे 'हॉर्नेट'वर. आणि १७ एप्रिल १९७० रोजी अपघातातून वाचलेल्या अपोलो १३ चे 'इवो जिमा'वर. दूरचित्रवाणीवर ही दृश्ये कोट्यवधी लोकांनी पाहिली. मानुएला या जर्मन गायिकेने त्याच्या नावावर गाणे गायिले. इंग्लंडच्या डिंकी टॉइज कंपनीने १९७० च्या दशकात सी किंगचे धातूचे खेळणे बाजारात आणले, त्यासोबत दोरीने वर ओढता येणारी अवकाशकुपीही होती. नौदलाच्या एखाद्या हेलिकॉप्टरच्या वाट्याला एवढी प्रसिद्धी क्वचितच आली असेल.

परंतु येथेच प्रतिकृतीकाराची पहिली अडचण सुरू होते. '६६' हा त्या यंत्राचा कायमचा क्रमांक नव्हता. कायमचा क्रमांक १५२७११ होय. तो कारखान्यातून बाहेर पडताना मिळतो आणि यंत्र मोडीत निघेपर्यंत बदलत नाही. अंगावरचा मोठा आकडा हा तुकडीच्या सोयीचा, आपल्याकडील शाळेतील हजेरीक्रमांकासारखा. वर्ग बदलला की तो बदलतो. या हेलिकॉप्टरचेही तसेच झाले. नौदलाने पुढे तीन अंकी आकड्यांची पद्धत स्वीकारली तेव्हा '६६' पुसून त्यावर '७४०' हा आकडा आला. तथापि जुन्या आकड्याला लाभलेली कीर्ती अधिकाऱ्यांना ठाऊक होती. त्यामुळे अपोलोची कामगिरी आली की पुन्हा '६६' रंगवायचे आणि ती संपली की पुन्हा '७४०', असा प्रकार चालू राहिला. म्हणजे जगाने पाहिलेला आकडा हा काही काळ तरी समारंभापुरता चढविलेला पोशाख होता.

याचा अर्थ असा की, 'या हेलिकॉप्टरवर कोणत्या खुणा होत्या?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या दिवशी?' हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. खुणा यंत्राच्या नसतात, तारखेच्या असतात. प्रतिकृतींच्या संचासोबत येणारे डेकल अनेकदा चुकतात ते आकड्याच्या आकारात नव्हे, तर या ठिकाणी. एका मोहिमेतील आकडा, दुसऱ्या मोहिमेनंतरच्या खुणा आणि तिसऱ्याच वर्षाचा रंग असे एकत्र आले की प्रतिकृती सुबक होते, पण तसे हेलिकॉप्टर कधीही अस्तित्वात नसते.

छायाचित्रांची साक्ष

अपोलो ८ ते १३ या मोहिमांची छायाचित्रे विपुल आहेत आणि त्यांच्या नोंदीही चांगल्या ठेवल्या गेल्या. नासाच्या ह्यूस्टन केंद्राच्या छायाचित्रांना 'एस-६९' अशा स्वरूपाचे क्रमांक आहेत. त्यातील दोन अंक वर्ष सांगतात. याशिवाय नौकांच्या दैनंदिन नोंदवह्या व तुकड्यांचे वार्षिक अहवाल अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागारांत जतन केलेले आहेत. साधनांची वाण नाही. अडचण आहे ती त्यांच्या वाचनाची.

पहिली गोष्ट म्हणजे छायाचित्रात दिसणारा प्रत्येक सी किंग '६६' नसतो. पुनर्प्राप्तीच्या कामगिरीवर त्याच तुकडीची अनेक हेलिकॉप्टरे एकाच वेळी हवेत असत. काहींत कुपीला तरंगता पट्टा बांधणारे पाणबुडे जवान, तर एकात छायाचित्रकार. '६६' चे हवेतील सर्वांत सुस्पष्ट छायाचित्र हे स्वाभाविकपणे दुसऱ्याच हेलिकॉप्टरमधून घेतलेले असणार. आकडा दिसत नसेल तर केवळ 'अपोलो ११ चे पुनरागमन' या मथळ्यावर विसंबून त्या चित्रातील बारकावे '६६' वर लादता येत नाहीत.

दुसरी गोष्ट उजेडाची. अपोलो ८ ची कुपी पहाट होण्यापूर्वी, अंधारात उतरली; उजाडेपर्यंत पाणबुड्यांना पाण्यात उतरविले गेले नाही. अपोलो ११ ची वेळही स्थानिक घड्याळाप्रमाणे सूर्योदयाच्या आसपासची होती. अशा कोवळ्या, निळसर उजेडात पांढरा रंग करडा दिसतो आणि करडा निळा. छायाचित्रांत या हेलिकॉप्टरचा वरचा भाग पांढरा व खालचा फिकट करडा दिसतो. तो करडा नेमका कोणता, हे जुन्या फिल्मवरून अथवा तिच्या चौथ्या-पाचव्या छापील आवृत्तीवरून ठरविणे धोक्याचे आहे. येथे कागदाची मदत होते. अमेरिकेच्या सरकारी रंगांसाठी १९५६ पासून 'फेडरल स्टँडर्ड ५९५' ही प्रमाणित रंगसूची वापरात होती. तीत प्रत्येक छटेला पाच अंकी संकेत असून पहिला अंक झळाळीचा असे : १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे निस्तेज. नौदलाच्या रंगकामाच्या आदेशात असा संकेत दिला असेल, तर छायाचित्रकाराच्या फिल्मपेक्षा त्यावर अधिक भरवसा ठेवावा. मात्र आदेश म्हणजे अंमलबजावणी नव्हे, हेही विसरू नये. खाऱ्या वाऱ्यात महिनोन्महिने उभ्या असलेल्या यंत्राचा रंग आदेशातील राहत नाही, आणि जहाजावरचे रंगारी हाती असेल तो डबा उघडतात.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगी. प्रत्येक यशस्वी कामगिरीनंतर या हेलिकॉप्टरच्या अंगावर अपोलो कुपीची एक छोटी आकृती रंगविली जाई. लढाऊ वैमानिक पाडलेल्या विमानांची नोंद जशी ठेवीत, त्याच रीतीची ही शांततेतील नोंद. प्रतिकृतीकाराला या आकृत्या शोभेच्या वाटतात. इतिहासाच्या दृष्टीने त्या कालनिर्णयाचे साधन आहेत. दोनहून अधिक आकृत्या दिसणारे छायाचित्र २४ जुलै १९६९ पूर्वीचे असू शकत नाही. नाणेशास्त्रात पुरलेल्या साठ्यातील सर्वांत अलीकडचे नाणे त्या साठ्याची पूर्वमर्यादा ठरविते, तोच हा न्याय. मथळ्यात दिलेली तारीख आणि आकृत्यांची संख्या जुळत नसेल, तर मथळा चुकला असे धरावे.

'६६' हा आकडा उलटा धरला की '९९' होतो, हेही जाता जाता सांगावयास हवे. ओला डेकल बोटाच्या टोकावर असताना ही चूक अनुभवी हातांकडूनही होऊ शकते.

अस्सल आणि नक्कल

मोडी कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यांना 'अस्सल' आणि 'नक्कल' हा भेद नवा नाही. नक्कल म्हणजे बनावट नव्हे. ती प्रामाणिकपणे केलेली प्रत असू शकते, परंतु अस्सल हरवल्यावर तिचेच वजन वाढते आणि तिच्यातील चुकाही प्रमाण मानल्या जाऊ लागतात. '६६' च्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

अस्सल यंत्र पाहावयास मिळणे शक्य नाही. ४ जून १९७५ रोजी सायंकाळी पाणबुडीविरोधी सरावासाठी जात असताना ते कॅलिफोर्नियातील सान दिएगोजवळ समुद्रात कोसळले. जखमी वैमानिकाचा मृत्यू झाला. यंत्र सुमारे ८०० फॅदम, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर खोल पाण्यात आहे. तोपर्यंत त्याची ३,२०० हून अधिक तासांची सेवा झाली होती. चंद्रावरून आलेल्यांना पाण्यातून वर काढणारे हे यंत्र स्वतः मात्र पाण्यातून वर आले नाही.

त्यानंतर त्याची जागा इतरांनी घेतली. १९९५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'अपोलो १३' या चित्रपटात अंतराळवीरांच्या सुटकेच्या दृश्यासाठी 'इवो जिमा' ऐवजी 'न्यू ऑर्लिन्स' ही नौका वापरली गेली आणि दुसऱ्याच एका सी किंगवर '६६' आकडा रंगविला गेला. ते हेलिकॉप्टर पुढे कॅलिफोर्नियातील अलामेडा येथे, संग्रहालय झालेल्या 'हॉर्नेट' नौकेवर ठेवण्यात आले. सान दिएगो येथील 'मिडवे' नौकेच्या संग्रहालयातही '६६' च्या वेषातील सी किंग आहे. या संस्थांनी कोणाची फसवणूक केलेली नाही. हे यंत्र मूळ नव्हे हे तेथे लपविले जात नाही. पण प्रेक्षक छायाचित्र काढतो ते आकड्याचे, खुलाशाच्या पाटीचे नव्हे. त्या रंगीत, स्वच्छ, जवळून घेतलेल्या छायाचित्रांपुढे १९६९ ची धूसर छायाचित्रे फिकी पडतात, आणि प्रतिकृतीकाराला सोयीची म्हणून नक्कलच हाती येते.

अशी गल्लत झाली की ती ओळखण्याची काही साधने आहेत. नंतरच्या एसएच-३एच या प्रकारात पाणबुडी हुडकणाऱ्या चुंबकीय उपकरणाची जोड एका बाजूला दिसते. १९६९ च्या एसएच-३डी वर ती दाखविणे चूक ठरते. संग्रहालयातील रंग हा अलीकडच्या दुरुस्तीचा असतो व अक्षरांची वळणे रंगविणाऱ्याच्या हाताची असतात. म्हणून संग्रहालयातील यंत्राचा उपयोग चाकांचा आकार, खिडक्यांची ठेवण, रिव्हेटांच्या रांगा यांच्यासाठी जरूर करावा. आकडे व आकृत्या यांच्यासाठी करू नये. सांगाडा संग्रहालयातून घ्यावा आणि खुणा तारीख असलेल्या छायाचित्रातून, अशी ही विभागणी आहे.

भारतीय वाचकाला हा भेद घराजवळही तपासता येईल. इंग्लंडच्या वेस्टलँड कंपनीने परवान्याखाली बनविलेले सी किंग भारतीय नौदलात १९७१ मध्ये दाखल झाले आणि कोचीच्या ३३० क्रमांकाच्या तुकडीने ते वापरले. गोव्यातील नौदल हवाई संग्रहालयात, जे १९९८ मध्ये सुरू झाले, असा एक सी किंग उघड्यावर ठेवलेला आहे. कोकणच्या पावसात उभ्या असलेल्या यंत्रावरचा रंग पाहून त्याच्या सेवाकाळातील छटा ठरवू पाहणाऱ्याने वरील सावधगिरी बाळगलेली बरी.

एका दिवसाची निवड

तेव्हा '६६' ची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याने प्रथम एक दिवस निवडला पाहिजे. बहुतेकांची निवड २४ जुलै १९६९ ही असते. त्या पहाटे एचएस-४ चे प्रमुख कमांडर डोनाल्ड जोन्स ते चालवीत होते. जंतुसंसर्गाच्या भीतीने अंतराळवीरांना पाण्यावरच बंद पोशाख चढविण्यात आले आणि एकेकाला जाळीत बसवून वर ओढण्यात आले. हेलिकॉप्टर 'हॉर्नेट'वर उतरले तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन नौकेवर हजर होते.

त्या दिवसाची एक खूण इतर कोणत्याही दिवसाला लागू पडत नाही. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली 'हेल, कोलंबिया' ही अक्षरे रंगविलेली होती. अपोलो ११ च्या कुपीचे नाव 'कोलंबिया' आणि याच शब्दांचे अमेरिकेत एक जुने देशभक्तिपर गीतही आहे, असा तो दुहेरी संदर्भ. ती अक्षरे नौकेच्या डेकवरून वाचता येण्याजोगी नव्हती. ती होती खाली पाण्यात, रबरी तराफ्यात बसून वर पाहणाऱ्यांसाठी. १:७२ या प्रमाणात खऱ्या यंत्रावरील एक मीटर लांबी जेमतेम १४ मिलिमीटर भरते. एवढ्या अरुंद जागेतला हा डेकल चाके जोडण्यापूर्वीच बसवावा लागतो. एकदा प्रतिकृती कपाटात उभी राहिली की तो कोणालाही दिसत नाही.