शिरपेचातले पीस

घरातला मुलगा परीक्षेत पहिला आला, की आपण सहज म्हणून जातो, ‘घराण्याच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला!’ हा तुरा खरोखरच डोक्यावर असे, तेव्हा तो कोणी खोवावा याची रीत मोठी कडक होती. तुरा मोत्यांचा, जरीचा, फुलांचाही चाले. त्याची थोरली बहीण जी कलगी, ती मात्र मुळात पिसांची.

मोगल दरबारात मोराची पिसे मोरचेलात जात आणि मोरचेल सेवकाच्या हाती असे. बादशहाच्या पागोट्यावर चढे ते बगळ्याच्या कुळातल्या पक्ष्याचे लांब, काळे पीस. इंग्रज वकील सर टॉमस रो याने १६१६ साली अजमेराहून कूच करणाऱ्या जहांगिराला पाहिले. पागोट्यात पिसे थोडीच, पण लांब होती. एका बाजूला अक्रोडाएवढे माणिक, दुसऱ्या बाजूला तेवढाच हिरा, मध्ये हृदयाकार पाचू. आपले डोळे त्या माणकावरच खिळतील! पण माणिक एखाद्या गबर सावकारालाही विकत घेता आले असते. कलगी हे राजचिन्ह. बादशहाने स्वहस्ते बहाल केल्यावाचून सरदाराने ती लावायची नसे. त्या काळच्या चित्रांत पिसाच्या टोकाशी मोती लोंबतो आणि त्याच्या भाराने पीस डौलाने मागे वाकते.

पुढे सोनारांनी ते पीसच सोन्यात घडवले. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याचे पंचविसाव्या वर्षीचे चित्र अबुल हसन याने काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात खुर्रमने हाती धरलेल्या रत्नजडित शिरोभूषणाची घडण युरोपीय वळणाची आहे. तिकडचे राजेही टोपीला जडावाचे पीस लावीत, हे आपल्या कारागिरांनी बरोबर हेरले. मग इकडे जे शिरपेच झाले, त्यांत तोच पिसाचा बाक, टोकाला तोच लोंबता मणी आणि पाठीवर मिनाकाम. कित्येकांच्या मागे एक बारीक नळी असे, खरे पीस खोवण्यासाठी. सोन्याचे पीस डोक्यावर असताना खऱ्याची जागा राखून ठेवावी, याचे मला फार कौतुक वाटते.

मराठ्यांच्या मानाच्या पोशाखातही शिरपेच आणि तुरा आले. आपल्या शाहिरांनी तर या दागिन्यांवरून दोन पक्षच उभे केले. कलगीवाले शक्तीला थोर म्हणणारे, तुरेवाले शिवाला; आणि मग रात्रभर सवाल-जबाब!

अशीच कलगी देण्याची रीत तुर्कस्तानात होती. तिचे नाव चेलेंक. १ ऑगस्ट १७९८ रोजी नाईलच्या मुखाजवळ अबुकीरच्या उपसागरात नेल्सनने फ्रेंच आरमार धुळीस मिळवले. इजिप्त हा तुर्की सुलतानाचा मुलूख. तिसऱ्या सलीमने प्रसन्न होऊन या परधर्मी दर्यासारंगाला हिऱ्यांचे चेलेंक पाठवले. पकडलेल्या वा नष्ट केलेल्या जहाजांची खूण म्हणून त्याला तेरा किरणे होती. मधला तारा किल्ली दिली की फिरत असे. नेल्सनला त्याचा केवढा अभिमान! १७९९ साली गुझार्दी या चित्रकाराने काढलेल्या चित्रात कपाळावरच्या जखमेमुळे टोपी मागे सारलेली आहे, पण तिच्यावर चेलेंक आहेच. इंग्लंडच्या राजाने ते नेल्सनच्या कुलचिन्हात घालण्यासही मान्यता दिली. ख्रिस्ती उमरावाच्या कुलचिन्हावर खलिफाची कलगी! तिचा अर्थ दोन्ही दरबारांना सारखाच कळत होता, म्हणूनच हे घडू शकले.

ते अस्सल चेलेंक ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयातून १९५१ साली चोरीस गेले आणि पुन्हा हाती लागले नाही. हिरे सुटे करून विकले गेले, असे मानतात. कोणाच्या तरी अंगठीत त्यांतला एखादा आजही चमकत असेल. घालणाराला ठाऊकही नसेल.