जिवंत पेशीत रंग कसा शिरला?

आज आपल्याला जिवंत पेशीकडे वळायचं आहे, आणि अडचण इथूनच सुरू होते. मेलेली पेशी रंग मुकाट्याने पिते. जिवंत पेशीचं आवरण तेलकट असतं. पाण्यात विरघळणारे, विद्युतभार असलेले रेणू त्यातून सहसा आत जात नाहीत.

चमकणारे रंग तर फार आधीपासून हाताशी होते. अडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसिन तयार केलं ते १८७१ साली. पण पेशीत या क्षणी काय चाललंय हे सांगेल असा रंग हवा होता, आणि त्यातही प्रश्न होता कॅल्शियमचा. स्नायू आखडतो तेव्हा पेशीतलं मुक्त कॅल्शियम क्षणभर वाढतं. एरवी ते बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. १९६७ मध्ये रिजवे आणि अ‍ॅश्ली यांनी जेलीफिशचं प्रकाश देणारं प्रथिन, एक्वोरिन, बार्नॅकल या सागरी प्राण्याच्या स्नायुतंतूत टोचलं आणि ही वाढ पाहिली. ते तंतू चांगले जाडजूड, म्हणून जमलं. आपल्या रक्तातल्या इवल्याशा लिम्फोसाइटला कुठली सुई टोचणार?

इथे केंब्रिजमधला विशीतला रॉजर त्सिएन येतो. ईजीटीए हा कॅल्शियम पकडणारा रेणू सगळ्यांना माहीत होता, पण आम्लता जराशी बदलली की त्याची पकड बदलायची. त्सिएनने त्यात बेंझिनची कडी बसवली. पकड स्थिर झाली, शिवाय बेंझिनमुळे रेणू प्रकाश शोषू लागला आणि कॅल्शियम धरलं की ते शोषण बदलू लागलं. हा बाप्टा, १९८०.

आता तो आत कसा घालायचा? कडू गोळी गुळात लपवून देतात ना, तसं. रेणूवरचे चार आम्लगट त्सिएनने एस्टरने झाकले. भार झाकला गेला, रेणू आवरणातून सरळ आत शिरला. आत पेशीचीच विकरं ते झाकण कापून टाकतात; भार उघडा पडतो आणि रंग आतच अडकतो. ही युक्ती १९८१ची. फ्लुओरेसिनच्या बाबतीत अशीच गोष्ट १९६६ मध्ये दिसली होती, पण कॅल्शियमसाठी ती कामाला लावण्याचं श्रेय त्सिएनचंच.

लगेच क्विन-२ हा रंग आला आणि लिम्फोसाइटचं कॅल्शियम मोजता आलं. पण तो मंद. दिसायचा तर भरपूर घालावा लागे, आणि भरपूर घातला की मोजायचं ते कॅल्शियम तोच पिऊन टाकी! १९८५ च्या फ्युरा-२ ने हे बरंच सोडवलं. तो सुमारे तीसपट तेजस्वी. शिवाय ३४० आणि ३८० नॅनोमीटर अशा दोन प्रकाशांत चमक मोजून भागाकार करायचा, म्हणजे पेशी जाड की पातळ, रंग जास्त की कमी, हे प्रश्नच उरत नाहीत. २००८ चं नोबेल त्सिएन यांना मिळालं ते हिरव्या प्रथिनासाठी. आम्हाला मात्र हा साधा भागाकार त्याच तोलाचा वाटतो.

किंमत मोजावी लागलीच. एस्टर तुटताना थोडं फॉर्माल्डिहाइड सुटतं, आणि अतिनील प्रकाश पेशीला सोसत नाही. म्हणून १९८९ मध्ये फ्लुओ-३ आला. त्याला निळा प्रकाश पुरतो, पण तो भागाकार त्याच्यात करता येत नाही.